पडद्याखालच्या ओळी

माझे साडू हसून मान डोलावतात तेव्हा समोरच्याचं एक अक्षरही त्यांना ऐकू आलेलं नसतं, हे कळायला मला कित्येक वर्षं लागली. तोवर मी त्यांना भारी समजूतदार माणूस समजत होतो. पाणीपुरवठ्याच्या ऑफिसातली माझी रडगाणी, साहेबाचा तिरसटपणा, बदलीची टांगती तलवार, सगळं मी त्यांच्यापुढे ओतत असे. ते शांत बसून ऐकत, मधूनच "बरोबर आहे" म्हणत. घरी आल्यावर मी बायकोला सांगायचो, माणूस असावा तर तुझ्या भाऊजींसारखा. मध्ये तोंड घालत नाही, वर सल्लाही देत नाही.

माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे ते यजमान. त्या बहिणीला आम्ही सगळेच ताई म्हणतो. साडू एका कारखान्यात लेथवर होते. पंपाचे शाफ्ट आणि असलेच गोल फिरणारे भाग ते कातून काढत. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे मायक्रॉन, आणि त्या मायक्रॉनवरून ते बरोबरच्यांशी इतकी हुज्जत घालत की कारखान्यात त्यांचं नावच मायक्रॉन पडलं. ते नाव एकदा घरी आलं ते मुक्कामालाच राहिलं.

त्यांचे कान गेले ते त्याच कामात. शेजारच्या शेडमध्ये पत्र्याचे प्रेस होते, दिवसभर धाडधाड चालायचे. कंपनीने कानात घालायला रबरी बोळे दिले होते, पण मायक्रॉन ते घालत नसत. लेथचं टूल बोथट व्हायला लागलं की त्याचा सूर बदलतो, आणि तो सूर त्यांना ऐकायचा असायचा. मशीनचं ऐकण्यासाठी त्यांनी कान उघडे ठेवले आणि हळूहळू माणसांचं ऐकू येईनासं झालं. हे एका दिवसात झालं असतं तर धावाधाव झाली असती, डॉक्टर गाठला असता. पण झालं ते कणाकणाने, आणि मायक्रॉननी कुणाला सांगितलं नाही. ते मान डोलवायला शिकले. दुकानदाराने पिशवी आणलीय का असं विचारलं तर हे सांगायचे, सगळे मजेत. एकदा शेजाऱ्याने वडील गेल्याची बातमी दिली, तर यांनी "छान, छान" म्हणत त्याच्या खांद्यावर थाप मारली. ताईला संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊन सारवासारव करावी लागली.

फोनचा प्रश्न तर त्यांनी कायमचा सोडवला होता. फोन उचलायचा, पलीकडे आपलं कुणीतरी आहे एवढं ओळखायचं आणि म्हणायचं, "थांब, हिच्याकडे देतो."

निवृत्त झाल्यावर दिवसभर टीव्हीसमोर बसणं आलं आणि खरी पंचाईत झाली. आवाज एवढा मोठा, की खालच्या मजल्यावरच्या बाई स्वतःचा टीव्ही न लावता कुठल्या मालिकेत काय घडलं ते सांगू शकायच्या. ताईचं डोकं ठणकायला लागलं. ती आवाज कमी करायची, ते वाढवायचे, रिमोटची नुसती ओढाताण. शेवटी लेकीने हट्ट करून त्यांना कानाचं मशीन घ्यायला लावलं. मायक्रॉननी ते थोडे दिवस वापरलं आणि डबीत घालून कपाटात टाकलं. मी कारण विचारलं, अर्थात ओरडून, तर म्हणाले, "त्यातून भांडी ऐकू येतात, पंखा ऐकू येतो, रस्त्यावरचे हॉर्न ऐकू येतात. माणूस तेवढा ऐकू येत नाही."

ही त्यांची एकुलती एक लेक. घरात तिला सगळे ठकी म्हणतात. लिफ्टचे आराखडे करणाऱ्या एका कंपनीत ती आहे, दूरच्या शहरात, विमानानेच जावं एवढ्या लांब. एकदा सुट्टीवर आलेली असताना बापाची ही टीव्हीशी चाललेली झटापट तिने पाहिली. दुसऱ्या दिवशी माळ्यावर चढून तिने आपला कॉलेजातला लॅपटॉप खाली काढला.

त्याची अवस्था बघवत नव्हती. बिजागरी मोडलेली, त्यामुळे झाकण उघडलं की मागे लोळण घ्यायचं. काही बटणं दात पडावेत तशी पडलेली. बॅटरी फुगली होती, ती तिने आधी बाहेर काढली आणि जुन्या बॅटऱ्या घेणाऱ्याकडे देऊन आली. ताई म्हणाली, हे भंगारवालासुद्धा घेणार नाही. ठकीने सांगितलं की याला आता पळायचं नाही, एका जागी बसून सगळ्यांना वाढायचंय, तेवढी ताकद त्याच्यात आहे. त्यावर ताई म्हणाली, "म्हणजे वाढपीच की हा." झालं, त्या दिवसापासून लॅपटॉपचं नाव वाढपी.

ठकीने त्यावरचं जुनं सगळं पुसून एक हलकी, फुकट मिळणारी सिस्टिम घातली. झाकण बंद केलं तरी झोपायचं नाही, अशी त्याला ताकीद दिली. वायफायच्या डब्यापासून वायर ओढून तो दाराशेजारच्या चपलांच्या कपाटावर बसवला. मायक्रॉनना जुन्या विनोदी चित्रपटांचा नाद, त्यांच्याकडे डीव्हीडींची चळतच्या चळत होती. ती एकेक डीव्हीडी तिने वाढप्याच्या पोटात उतरवली. मग टीव्ही लावला तर पडद्यावर सगळे चित्रपट दुकानाच्या काचेत मांडल्यासारखे ओळीने उभे. हवा तो निवडायचा, की चपलांच्या कपाटावरून टीव्हीत हजर. आणि खाली सबटायटल, म्हणजे पात्रांचं बोलणं लिहिलेल्या ओळी, पिवळ्याधमक आणि बोटभर जाडीच्या अक्षरांत. आवाज ताईला हवा तेवढाच ठेवायचा.

पहिला चित्रपट लावला त्या संध्याकाळी आम्ही दोघंही तिथे होतो. एका प्रसंगात घरमालक बोलता बोलता भाडेकरूच्या बायकोला चुकून मोलकरीण समजतो. मायक्रॉन खो खो हसले. त्याच क्षणी ताईही हसली. मग ताई हसायची थांबली आणि नवऱ्याकडे बघतच राहिली. नंतर स्वयंपाकघरात तिने माझ्या बायकोला सांगितलं, की इतकी वर्षं आधी ती हसायची, मग तिला हसताना बघून ते हसायचे. दोघं एकदम हसल्याचं तिला आठवतच नव्हतं.

ठकी सुट्टी संपवून गेली आणि वाढप्याचा ताबा मायक्रॉनकडे आला. त्यांनी प्रथम त्याच्याखाली हवा खेळावी म्हणून ॲल्युमिनियमची एक चौकट केली. जुन्या कारखान्यात जाऊन तिला चार पाय कातून आणले, असे तंतोतंत की चपलांचं कपाट हललं तरी वाढपी हलत नव्हता. रोज सकाळी ते त्याच्या झाकणावर तळहात ठेवून बघायचे. लेथच्या अंगावर हात ठेवून बेअरिंगची तब्येत ओळखायची सवय होती, तीच इथे. कारण वाढप्याचा पंखा घरघरायला लागला तर ते ऐकू जायचं ताईला, त्यांना नाही.

आणि तो घरघरायचा. काही चित्रपट सुरळीत चालायचे, काही दर मिनिटाला अडखळायचे. मायक्रॉननी ठकीला मेसेज टाकून कारण विचारलं. तिचं लांबलचक उत्तर आलं. डीव्हीडीमधल्या ओळी ही खरी अक्षरं नसतात, अक्षरांची चित्रं असतात. ती चित्रं चित्रपटावर चिकटवून वाढप्याला अख्खा चित्रपट चालता चालता नव्याने भाजून द्यावा लागतो, आणि म्हाताऱ्याला धाप लागते. त्याऐवजी ओळी साध्या मजकुराच्या स्वरूपात वेगळ्या ठेवल्या, तर त्याला काहीच कष्ट नाहीत, टीव्हीच त्या वर दाखवतो. अशी एक मजकुराची फाईल तिने नमुन्यादाखल पाठवली.

ती फाईल उघडल्यावर मायक्रॉनना हर्ष झाला, असं ताई सांगते. तिच्यात काहीच गूढ नव्हतं. आधी ओळीचा क्रमांक, मग ती ओळ कधी दिसावी आणि कधी जावी त्याची वेळ, मग बोलणं. आणि वेळ कशात, तर तास, मिनिटं, सेकंद आणि सेकंदाचा हजारावा भाग. हजाराव्या भागाशी त्यांचं जुनंच नातं. ते म्हणाले, हे तर मलाही लिहिता येईल.

मग त्यांनी मला फोन केला. स्वतःहून, हे विशेष. मला बोलायला वाव न देता त्यांनी सांगून टाकलं की तुमच्याकडच्या घरगुती कॅसेट मला पाहिजेत, आणि फोन ठेवला.

घरात कॅमेरा पहिल्यांदा माझ्याकडे आला होता. त्या काळी कुणाचा वाढदिवस असो, कुणी नव्या घरात जाणार असो, मी कॅमेरा डोळ्याला लावून हजर. त्या छोट्या कॅसेट माझ्याकडे खोक्यात पडून होत्या. एका स्टुडिओतून त्या उतरवून घेतल्या आणि मायक्रॉनना नेऊन दिल्या. त्या त्यांनी वाढप्यावर चढवल्या, ठकीलाही तिच्या शहरातून बघता येतील अशा ठेवल्या, आणि कामाला बसले.

काम असं चालायचं. दुपारची जेवणं झाली की ताई आणि ते टीव्हीजवळ टेबल ओढून बसायचे. टेबलावर ठकीने पाठवलेला साधा कीबोर्ड. ताई एक वाक्य ऐकायची, थांबवायची आणि त्यांच्याकडे तोंड करून सावकाश सांगायची. तिचे ओठ त्यांना वाचता यायचे. मग ते दोन बोटांनी टाईप करायचे. वाक्य कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं हे ते बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघून ठरवायचे, पुढेमागे करून, पुन्हा पुन्हा.

त्यातून आमच्या घराण्याची बरीच लक्तरं वेशीवर टांगली गेली. एक तर सगळ्या कॅसेटभर माझा आवाज. मी दिसत कुठेच नव्हतो, पण "जरा हसा", "इकडे बघा", "सुरू आहे, सुरू आहे" अशा माझ्या ओळींनी पडद्याचा तळ भरून गेला. माझी बायको एका वाढदिवसाच्या गर्दीत कुणाला तरी सांगताना पकडली गेली, की ताईच्या हातचा चहा म्हणजे गरम पाण्याला दिलेली धमकी. ती ओळ काढून टाका म्हणून तिने मायक्रॉनना विनवलं. ते बधले नाहीत. जे बोललं ते बोललं, मापात खोट चालणार नाही, असं त्यांनी तिला सुनावलं. ताई मात्र ती ओळ आल्यागेल्याला दाखवायची.

ते नव्या घरात राहायला आले त्या दिवशीच्या कॅसेटमध्ये मायक्रॉनची आई होती. आता ती नाही. पडद्यावर ती खुर्चीत बसलेली, शेजारी कुणी बाई, मागे मायक्रॉन कपाट सरकवताहेत. ताईने ऐकलं आणि जसंच्या तसं सांगितलं. आई म्हणत होती, "हा माझं ऐकत नाही असं सगळ्यांना वाटतं. अगं, त्याला ऐकूच येत नाही. पण तो मरेल, सांगायचा नाही. बापावर गेलाय."

मायक्रॉननी टाईप केलं. मग म्हणाले, "म्हणजे हिला तेव्हापासून माहीत होतं." आणि बराच वेळ आईचं ते खुर्चीतलं चित्र तसंच थांबवून ठेवलं. त्यांचा समज होता की हे गुपित आपण उत्तम सांभाळलंय.

त्यापुढची कॅसेट ठकी पहिल्यांदा घर सोडून हॉस्टेलला निघाली त्या दिवशीची. बस स्टँडवर मीच काढलेली. बस उभी, सामान चढलेलं, ठकी दाराच्या पायरीवर. ती बापाशी काहीतरी बोलते. बराच वेळ बोलते. मायक्रॉन हसून मान डोलावतात आणि म्हणतात, "हो, हो. स्वेटर वरच ठेवलाय." बस निघते.

ताईने ऐकलं. पुन्हा मागे घेऊन ऐकलं. मग सांगितलं, "बाबा, तब्येतीला जपा, सांभाळून राहा."

मायक्रॉननी ते लिहिलं आणि वेळा लावायला घेतल्या. लागेनात. ठकीचे ओठ हलत होते कितीतरी वेळ, आणि वाक्य मात्र एवढंसं. त्यांनी ताईला विचारलं की एवढं बोलायला एवढा वेळ कसा लागतो. ताई म्हणाली, रडत होती पोरगी, हुंदके होते मध्ये. मायक्रॉननी ओळ ताणून बसवली. पण ती त्यांना खटकत राहिली. ढिला बसलेला शाफ्ट जसा मनातून जात नाही, तशी.

ठकी तिकडे जेवणाच्या सुट्टीत मोबाईलवर वाढप्यावरचे हे जुने व्हिडिओ बघायची. नवीन कुठला तयार झाला की तिला कळायचं. बस स्टँडवरचा तिने बघितला आणि संध्याकाळी आईला फोन केला. बाबा आसपास नाहीत ना, हे विचारायचं कारणच नव्हतं.

ती म्हणाली, "आई, मी असं बोलले नव्हते."

ताई म्हणाली, "माहीत आहे मला."

मग ठकीनेच सांगितलं की राहू दे तसंच, आता उगाच त्यांना कशाला, आणि विषय बदलला.

ताईला काही ते तसंच राहू देता येईना. ती आमच्याकडे आली. माझ्या बायकोने चहा केला, तो तिने टोमणा न मारता प्यायला, तेव्हाच आम्हाला कळलं की काहीतरी बिनसलंय. तिने सगळं सांगितलं. बस स्टँडवर ती ठकीच्या बाजूलाच उभी होती, शब्दन्‌शब्द तिने ऐकला होता. घरी गेल्यावर यांना सांगायचं असं ठरवलंही होतं. पण त्या दिवशी ते घुम्यासारखे बसून होते, म्हणून उद्यावर टाकलं. उद्याचा परवा झाला. मग ठकीचे फोन यायला लागले, हे उचलून तिच्याकडे द्यायला लागले आणि तीच सवय पडली.

"आणि खरं सांगू," ताई म्हणाली, "मला आवडत होतं ते. ती माझ्याशीच बोलायची. तिचं सगळं मला माहीत, आणि यांना सांगेन तेवढंच माहीत. मला बरं वाटायचं."

माझी बायको बहिणीच्या बाबतीत भीडभाड ठेवत नाही. ती म्हणाली, "माझं चहाचं बोलणं जसंच्या तसं लिहिलंस, मग हेही लिही."

दुसऱ्या दिवशी दुपारी ताई टेबलाशी बसली आणि तिने स्वतःच बस स्टँडचा व्हिडिओ लावला. मायक्रॉन म्हणाले, हा झालाय. ताईने नाही अशी मान हलवली आणि त्यांच्याकडे तोंड करून एकेक वाक्य सांगितलं.

"बाबा, फोन आईकडे देऊ नका. तुम्ही बोला माझ्याशी. तुम्हाला ऐकू येत नाही हे मला माहीत आहे. नाही कळलं तर विचारा, मी परत सांगेन. कितीही वेळा सांगेन."

त्यांनी दोन बोटांनी ते टाईप केलं. आधीची ताणलेली ओळ पुसली, नव्या ओळी लावल्या. त्या ठकीच्या ओठांवर बरोबर बसल्या. सुरुवात सुरुवातीला, शेवट शेवटाला. शेवटच्या ओळीनंतर पडद्यावरचे मायक्रॉन हसून मान डोलावत म्हणाले की स्वेटर वरच ठेवलाय. तीही ओळ त्यांनी तपासली.

ताई वाट बघत होती की आता ते काहीतरी बोलतील, तिला बोल लावतील. तिने स्वतःहून सांगितलं की तिने लपवलं, आणि का लपवलं. त्यांनी सगळं तिच्या ओठांवरून वाचलं. मग म्हणाले, "तुझी चूक निम्मी. निम्मी माझी. मी ठकीला एकदा विचारायचं होतं, काय म्हणालीस म्हणून." एवढं बोलून ते उठले आणि वाढप्यावरची धूळ झटकायला गेले. धूळ नव्हतीच. ताई टेबलाशी बसून राहिली. थोड्या वेळाने त्यांनीच दोघांसाठी चहा टाकला.

त्या आठवड्यात त्यांनी कपाटातून कानाच्या मशीनची डबी काढली आणि ते जिथून घेतलं होतं तिथे गेले. मला बरोबर नेलं. तिथल्या बाईंनी विचारलं की किती दिवस वापरलं. मायक्रॉननी माझ्याकडे पाहिलं, मग बाईंकडे, आणि मान डोलवायच्या ऐवजी म्हणाले, "परत सांगा. कळलं नाही मला." त्यांच्या तोंडून हे शब्द मी पहिल्यांदा ऐकले. बाईंनी परत सांगितलं. मग मशीन कॉम्प्युटरला जोडून बराच वेळ त्याचे सूर लावले, भांडी खाली, माणसं वर. सवय व्हायला महिने लागतील, रोज घालावं लागेल, असं बजावलं. त्यांनी सगळं दोनदा विचारून घेतलं.

रविवारी ठकीचा नेहमीचा फोन आला. मायक्रॉननी उचलला. ताई सवयीने हात पुढे करून उभी राहिली. त्यांनी तिला हातानेच थांबवलं आणि खुर्चीत बसून म्हणाले, "बोल."

पलीकडे काही क्षण आवाजच नाही. त्यांना वाटलं मशीनच बंद पडलं. मग ठकी बोलायला लागली. कशाबद्दल, तर एका इमारतीत लिफ्ट वर जाताना थरथरते, रुळांचे सांधे नीट जुळलेले नाहीत, आणि बसवणारा माणूस ते मान्य करत नाही. मायक्रॉन म्हणाले, परत सांग. तिने परत सांगितलं. ते म्हणाले, सांधा म्हणालीस का साधा? तिने तेही सांगितलं. ताई म्हणते की एरवी दोन मिनिटांत संपली असती अशी गोष्ट, ती संपेपर्यंत तिची कणीक भिजवून झाली आणि भाजी शिजली. त्यात त्या जुन्या गोष्टीचा उल्लेख दोघांनीही केला नाही. मायक्रॉननी बाकी काय काय जुळलंय, कुठे किती फट आहे, कशाने मोजली, ते विचारलं. शेवटी ठकीने सांगितलं की बाबा, आता मला कामाला लागायचंय. त्यावर ते म्हणाले, "बरं. आईकडे देऊ का?"

सगळं एकदम सुरळीत झालं असं नाही. काही रविवारी त्यांना निम्मंही कळायचं नाही, चिडून मशीन काढून ठेवायचे. एकदा फोनवर ठकी वैतागली, आणि मग वैतागल्याबद्दल तिने परत फोन केला. ताईला आरंभी घरात उपरं झाल्यासारखं वाटायचं, ती उगाच आतबाहेर करायची. आता रविवारी ठकीशी बोलायचा नंबर लावावा लागतो अशी तक्रार करते, पण त्या वेळात ती खालच्या बाईंकडे जाऊन बसते. दोघींची गट्टी जमलीय. टीव्हीचा आवाज खाली येत नाही म्हणून बाईंना आता स्वतःची मालिका स्वतः लावावी लागते.

उन्हाळ्यात वाढपी एकदा कोसळला. तापून बंदच पडला. ठकी म्हणाली नवा घेऊ या. मायक्रॉननी तो उघडला, ब्रशने पंख्यात साचलेली धूळ काढली, आतली उष्णता पंख्यापर्यंत नेणारं वाळलेलं मलम पुसून नवं लावलं आणि परत बसवला. एक स्क्रू उरला. तो कुठला हे अजून सापडलेलं नाही, आणि त्याचं त्यांना फार वाईट वाटतं.

परवा मी दुपारी त्यांच्याकडे सहज गेलो. बेल दाबली, कुणी आलं नाही. पुन्हा दाबली. दार नुसतं लोटलेलं होतं, म्हणून आत शिरलो. घर शांत होतं. ताई आतल्या खोलीत गाढ झोपलेली. आणि बाहेरच्या खोलीत मायक्रॉन आणि त्यांच्या कारखान्यातले जुने सोबती, लेथवरचे, प्रेसवरचे, एक वेल्डर, असे सोफ्यावर आणि खुर्च्यांवर दाटीवाटीने बसलेले. सगळ्यांचे कान त्याच कारखान्यात गेलेले. टीव्हीचा आवाज पूर्ण बंद होता. पडद्यावर घरमालकाचा तो जुना चित्रपट चालला होता, खाली पिवळ्या ओळी. मी आल्याचं कुणाच्या लक्षात आलं नाही.

तेवढ्यात घरमालक त्या बायकोला मोलकरीण समजला, आणि सगळी खोली एकदम हसली. प्रेसवरचा माणूस तर डोळे पुसायला लागला. वेल्डरने त्याला विचारलं, "काय रे, काय म्हणाला तो? माझी ओळ हुकली."

मायक्रॉननी रिमोट घेऊन चित्रपट मागे नेला. भिंतीशी एक स्टूल होतं, मी त्यावर बसलो.